परिसराच्या सुरक्षेसाठी होणाऱ्या नागरिक-पोलीस बैठका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलीस ठाण्याच्या हद्दीतील रहिवासी आणि पोलीस एकत्र बसून परिसरातील कोणते गुन्हे आणि कोणत्या अडचणी आधी हाताळायच्या हे ठरवतात, त्या बैठकांविषयी सोसायट्या, वस्त्या आणि गावांतून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातील व्यवहार आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेले नवे फौजदारी कायदे धरून दिली आहेत. एखादी घटना डोळ्यांसमोर घडत असेल तर मात्र बैठकीची वाट न पाहता ११२ या क्रमांकावर फोन करावा.

१. शांतता समिती, मोहल्ला समिती आणि तंटामुक्ती समिती या एकच आहेत का?

नाहीत. शांतता समितीची बैठक प्रामुख्याने सण, मिरवणुका आणि निवडणुका यांच्या आधी बोलावली जाते व तिचा भर त्या काळातील बंदोबस्तावर असतो. मोहल्ला समिती वर्षभर चालावी अशी अपेक्षा असते आणि तिच्यात रोजचे विषय येतात. तंटामुक्त गाव समिती ग्रामसभेतून निवडली जाते. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली आणि गावातील तंटे सामोपचाराने मिटवणे हा तिचा हेतू आहे. पुण्यात महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयांतील नागरिकांच्या बैठकांनाही मोहल्ला कमिटी म्हटले जाते, परंतु तेथे कचरा, पाणी, रस्ते असे विषय असतात. पुढील उत्तरांत ‘बैठक’ म्हणजे पोलीस आणि रहिवासी यांची, परिसराच्या सुरक्षेवरील नियमित बैठक, असे समजावे.

२. अशा बैठकांनी खरोखर काही फरक पडतो, याचे उदाहरण आहे का?

आहे, आणि ते आपल्याच राज्यातील आहे. भिवंडीने १९७० आणि १९८४ मध्ये भीषण हिंदू-मुस्लिम दंगली पाहिल्या होत्या. १९८८ मध्ये तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी गल्लोगल्ली मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत दोन्ही समाजांतील सामान्य माणसे होती, आणि त्या भागात काम करणारा पोलीस हवालदार त्यांच्याशी सतत संपर्कात राहील अशी रचना होती. नळावरची भांडणे, घरमालक-भाडेकरूंचे वाद असे किरकोळ विषय तेथे सुटू लागले आणि त्यातून ओळख वाढली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्यानंतर १९९४ मध्ये मुंबईत निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला समिती चळवळ सुरू झाली.

या अनुभवातील एक गोष्ट आज अनेक ठिकाणी विसरली जाते. भिवंडीतील समित्या संकटाच्या दिवशी उपयोगी पडल्या, कारण त्या संकट नसताना नियमित भरत होत्या. गणेशोत्सवाच्या आठ दिवस आधी प्रतिष्ठितांना चहापानाला बोलावून तो विश्वास तयार होत नाही.

३. बैठक कोण बोलावते? आमच्या भागात ती होतच नसेल तर आम्ही मागणी करू शकतो का?

साधारणतः पोलीस ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक किंवा प्रभारी अधिकारी बैठक बोलावतात. गावात पोलीस पाटलांचा त्यात मोठा वाटा असतो. मागणी कोणीही रहिवासी करू शकतो. एकट्याच्या अर्जापेक्षा दोन-तीन सोसायट्या, चाळीची समिती, महिला बचत गट आणि दुकानदार यांचा एकत्रित लेखी अर्ज अधिक परिणामकारक ठरतो. अर्जात विषय स्पष्ट लिहावा, दोन पर्यायी तारखा सुचवाव्यात आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. २ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा वर्धापन दिन असून त्या आठवड्यात पोलीस ठाणी स्वतःहून नागरिकांशी संवादाचे कार्यक्रम घेतात, त्यामुळे पहिल्या भेटीसाठी तो काळ सोयीचा असतो.

४. भाडेकरू, फेरीवाले, घरकामगार किंवा विद्यार्थी येऊ शकतात का?

येऊ शकतात, आणि त्यांनी यावे यासाठी प्रयत्न केले पाहिजेत. बैठकीला घराची मालकी किंवा सोसायटीचे सभासदत्व लागत नाही. रात्री अकराला रस्त्यावर काय चालते हे पदपथावर गाडी लावणाऱ्याला, सुरक्षारक्षकाला आणि शेवटच्या गाडीने घरी परतणाऱ्या परिचारिकेला माहीत असते. बैठक सकाळी अकराला सोसायटीच्या कार्यालयात ठेवली तर यांपैकी कोणीच येणार नाही आणि मग प्राधान्यक्रम केवळ निवृत्त आणि घरमालक मंडळींचा होईल. रविवारची संध्याकाळ आणि महापालिकेची शाळा किंवा समाजमंदिर, हा अनुभवाने चांगला ठरलेला पर्याय आहे.

५. ‘प्राधान्य ठरवणे’ म्हणजे नेमके काय करायचे?

बहुतेक बैठका येथेच भरकटतात. दीड तासात वीस तक्रारी मांडल्या जातात, अधिकारी सर्वांना ‘बघतो’ म्हणतात आणि पुढच्या वेळी त्याच वीस तक्रारी पुन्हा येतात. पोलीस ठाण्याचे मनुष्यबळ मर्यादित असते, हे मान्य करून एका वेळी दोन किंवा फार तर तीन विषय निवडावेत आणि बाकीचे विषय सोडून न देता यादीत ठेवावेत.

निवडलेला विषय जागा आणि वेळ यांच्या भाषेत मांडावा. ‘मोबाइल चोऱ्या वाढल्या आहेत’ या वाक्यावर कोणालाच काही करता येत नाही. ‘स्थानकाच्या पूर्वेकडील रिक्षाथांब्याजवळ सायंकाळी सात ते नऊ या वेळेत, विशेषतः बाजाराच्या दिवशी, बसमध्ये चढताना मोबाइल जातात’ हे वाक्य ऐकल्यावर बीट अंमलदाराला (त्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलीस कर्मचाऱ्याला) गस्तीची वेळ बदलता येते, रिक्षाचालकांशी बोलता येते आणि दिवा बंद आहे का ते पाहता येते. विषय निवडताना दोन गोष्टी तपासाव्यात : त्यातून होणारी इजा किती गंभीर आहे आणि ती कोणाला होते. दहा जणांनी पार्किंगविषयी आवाज उठवला आणि एकाच मुलीने शिकवणीच्या वाटेवरील पाठलागाविषयी सांगितले, तर हात मोजून निर्णय घेणे चुकीचे ठरेल.

निर्णय झाल्यावर इतिवृत्तात तीन बाबी लिहिल्या गेल्याच पाहिजेत : काय करायचे, कोणी करायचे, कोणत्या तारखेपर्यंत. पुढची बैठक त्याच कागदाच्या वाचनाने सुरू करावी.

६. बैठकीत चोरीविषयी सांगितले म्हणजे गुन्हा नोंदवला गेला, असे समजावे का?

अजिबात नाही. बैठकीत सांगितलेली बाब ही माहिती असते, फिर्याद नव्हे. गुन्हा नोंदवण्यासाठी पोलीस ठाण्यात जावे किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने माहिती द्यावी. अशी माहिती दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तोंडी दिलेली माहिती लिहून घेऊन ती वाचून दाखवली पाहिजे आणि प्रथम खबरी अहवालाची (एफआयआरची) प्रत विनामूल्य दिली पाहिजे. ठाण्याने नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करता येतो आणि त्यानंतरही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे हेही आता पोलिसांवर बंधनकारक आहे.

७. माझी सायकल चोरीला गेली, पण ‘एनसी’च (अदखलपात्र नोंदच) लिहून घेतली. असे का?

नव्या कायद्यात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या साध्या चोरीचा पहिला प्रसंग अदखलपात्र ठरवला आहे आणि त्यासाठी समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे. अदखलपात्र प्रकरणात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. घरात शिरून केलेली चोरी किंवा गळ्यातील साखळी हिसकावणे मात्र वेगळे आणि दखलपात्र गुन्हे आहेत.

यासाठीच बैठक महत्त्वाची ठरते. एका सायकलीची नोंद कोणाच्या लक्षात राहणार नाही, परंतु एकाच गल्लीतून तीन महिन्यांत गेलेल्या सायकली, पाण्याचे मीटर आणि गॅस सिलिंडर यांच्या नोंदी एकत्र मांडल्या की त्यातली वेळ आणि वाट दिसू लागते. त्यामुळे रक्कम लहान असली तरी नोंद जरूर करावी आणि तिचा क्रमांक बैठकीत सांगावा.

८. पथदिवे, झुडपे, पडक्या इमारती हे विषय पोलीस ऐकून घेतात, पण ‘आमच्या अखत्यारीत नाही’ असे म्हणतात. मग काय करायचे?

ते बरोबर सांगतात. दिवे आणि रस्ते महापालिकेचे, नगरपरिषदेचे किंवा ग्रामपंचायतीचे काम आहे. म्हणून बैठकीला क्षेत्रीय किंवा वॉर्ड कार्यालयाचे अभियंते आणि वीज वितरण कंपनीचा प्रतिनिधी यांना लेखी निमंत्रण द्यावे. त्याहून उपयोगी उपाय असा की, ‘या ठिकाणी अंधारामुळे गुन्हे घडतात’ असे पत्र पोलीस ठाण्यानेच त्या कार्यालयाला द्यावे, अशी बैठकीत मागणी करावी. अशा पत्राला सामान्य तक्रारीपेक्षा अधिक वजन असते. पडकी इमारत किंवा उघडा खड्डा यांसारखा सार्वजनिक धोका दूर होतच नसेल, तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली आदेश देता येतो.

९. लाउडस्पीकर आणि दारूचे दुकान हे विषय बैठकीत घेता येतात का?

दोन्ही घेता येतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. राज्य सरकारने सणांसाठी जाहीर केलेले मोजके दिवस त्याला अपवाद असून तेव्हा मध्यरात्रीपर्यंत सवलत असते. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. मंडळांच्या कार्यकर्त्यांना बैठकीत समोर बसवून वेळ ठरवून घेणे हे नंतर तक्रार करण्यापेक्षा चांगले.

अवैध दारूची माहिती पोलीस आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग या दोघांनाही द्यावी. परवाना असलेले दुकान मात्र बैठकीच्या ठरावाने बंद होत नाही. त्यासाठी गावातील किंवा प्रभागातील २५ टक्के महिला मतदारांनी अथवा एकूण मतदारांपैकी २५ टक्के जणांनी मागणी करून गुप्त मतदान घ्यावे लागते. ‘बाटली आडवी’ करण्याच्या या मार्गाने अनेक गावांतील स्त्रियांनी दुकाने बंद पाडली आहेत.

१०. ज्याच्यावर आमचा संशय आहे, त्याचे नाव बैठकीत घ्यावे का?

घेऊ नये. चारचौघांत घेतलेले नाव पुराव्याविना माणसाला बदनाम करते, आणि ती व्यक्ती खरोखर दोषी असेल तर सावध करते. दोन्ही परींनी नुकसानच होते. ठोस माहिती असल्यास ती प्रभारी अधिकाऱ्यांना स्वतंत्रपणे द्यावी आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती करावी.

पीडितांविषयी तर अधिक काटेकोर राहिले पाहिजे. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे आणि बालकांच्या बाबतीत पॉक्सो (लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण) कायद्यातही तशीच मनाई आहे. नाव न घेता ‘तिसऱ्या मजल्यावरची, दहावीतली’ असे वर्णन करणे म्हणजेसुद्धा ओळख उघड करणेच होय. हे इतिवृत्तालाही आणि बैठकीनंतर गटावर टाकल्या जाणाऱ्या संदेशालाही लागू आहे.

११. आमच्या भागात बाहेरून आलेल्या लोकांची पाले पडली आहेत. चोऱ्या तेव्हापासूनच वाढल्या, असे सगळे म्हणतात. हा विषय मांडू नये का?

चोऱ्यांचा विषय जरूर मांडावा; समाजाचा विषय करू नये. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु पारधी किंवा अन्य भटक्या समाजाचे पाल दिसले की पहिला संशय तिकडेच वळण्याची सवय गेलेली नाही. या संशयाची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले, तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अशाच अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा चालक यांची हत्या झाली. दोन्ही घटनांच्या आधी आसपासच्या परिसरात मोबाइलवरून भीती पसरत होती आणि ती वेळीच खोडून काढणारे कोणी नव्हते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, अफवा हाच प्रत्येक बैठकीचा कायमचा विषय असला पाहिजे. संशयास्पद संदेश आला तर तो कोणाला दाखवायचा, खात्री करून उत्तर कोणी द्यायचे आणि ते किती वेळात द्यायचे, हे आधीच ठरलेले असावे. पालांवर राहणाऱ्यांपैकी एक-दोघांना बैठकीला बोलवावे. उघड्यावर राहणाऱ्या माणसांचेही सामान चोरीला जाते आणि त्यांच्याही मुलींना रस्त्यावर त्रास होतो. जागा आणि वेळ यांच्या भाषेत बोलण्याचा नियम (प्रश्न ५) येथे सर्वांत अधिक उपयोगी पडतो.

१२. तरुणांची रात्रीची गस्त सुरू करायची आहे. त्यांना अधिकार काय असतात?

सामान्य नागरिकाला असतात तेवढेच. गस्त पोलीस ठाण्याला कळवून, नावांची यादी देऊन आणि बीट अंमलदाराशी वेळा जुळवून करावी. शिटी, विजेरी आणि फोन पुरेसे आहेत. काठ्या-कोयते घेऊन फिरणे गस्तीला जमावाचे रूप देते. आपल्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्या व्यक्तीला नागरिक पकडू शकतो, परंतु तिला विनाविलंब, कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. तिला मारहाण करण्याचा, बांधून ठेवण्याचा किंवा चित्रफीत पसरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. अनोळखी माणूस केवळ फिरताना दिसला तर ओळखपत्र मागून अडवू नये. ११२ वर कळवावे.

१३. सीसीटीव्हीसाठी वर्गणी काढावी का?

आधी दिवे लावावेत, मग कॅमेरे. कॅमेरे असलेल्या अनेक ठिकाणी ऐन वेळी यंत्रातील घड्याळ चुकीचे निघते किंवा जुने चित्रण पुसले गेलेले असते, म्हणून दरमहा तपासणीची जबाबदारी एका व्यक्तीवर द्यावी. कॅमेऱ्याचा रोख सार्वजनिक वाटेवर असावा, कोणाच्या खिडकीवर किंवा दारावर नसावा. चित्रण पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, त्याविषयी तपास अधिकाऱ्यांना विचारावे.

१४. बैठकीत स्त्रिया बोलत नाहीत. काय करावे?

त्या बोलत नाहीत, कारण छेड काढणाऱ्याचा काका कदाचित पुढच्या खुर्चीत बसलेला असतो. महिला अधिकारी किंवा दामिनी पथकाच्या (महिलांच्या सुरक्षेसाठीच्या पोलीस पथकाच्या) उपस्थितीत स्त्रियांची स्वतंत्र बैठक घ्यावी आणि तिच्यातील विषय, नावे वगळून, मुख्य बैठकीत प्रथम मांडावेत. परिसराच्या नकाशावर असुरक्षित वाटणाऱ्या जागांवर खुणा करायला सांगितले तर ज्या कधीच बोलत नाहीत त्यासुद्धा पुढे येतात.

१५. शेजारच्या घरात नवरा बायकोला मारतो, हे सर्वांना माहीत आहे. बैठकीत आणावे का?

बैठकीत आणू नये, पण गप्पही बसू नये. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ नुसार कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यांना माहिती देऊ शकते आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर कोणतेही दायित्व येत नाही. मारहाण चालू असेल तर ११२, सल्ल्यासाठी १८१ आणि मुलांच्या बाबतीत १०९८ हे क्रमांक आहेत. ‘घरचा मामला’ म्हणून तंटामुक्ती समितीत समेट घडवण्याचा आग्रह त्या स्त्रीवर धरू नये (प्रश्न १६).

१६. बैठकीला किंवा समितीला दंड करण्याचा, माफी मागायला लावण्याचा अथवा एखाद्या कुटुंबाशी व्यवहार तोडण्याचा अधिकार आहे का?

नाही. बांध, पाट, किरकोळ वादावादी अशा तंट्यांत दोन्ही पक्षांची खरी संमती असेल तर समेट घडवता येतो. बलात्कार, बालकांवरील अत्याचार, जातीय अत्याचार यांसारख्या गुन्ह्यांत समितीने मध्ये पडणे म्हणजे न्यायाच्या वाटेत उभे राहणे होय. वाळीत टाकण्याविषयी तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा, २०१६ आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बैठकीत असा ठराव कोणी मांडला तर उपस्थित अधिकाऱ्यांनी तो तेथेच थांबवला पाहिजे, आणि त्यांनी थांबवला नाही तर रहिवाशांनी आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.

१७. पोलीस आकडे देत नाहीत. ते मागता येतात का?

येतात. प्रभारी अधिकाऱ्यांना दोन बैठकांमधील काळातील घरफोड्या, वाहनचोऱ्या, साखळीचोऱ्या आणि त्यांतील उघडकीस आलेल्या प्रकरणांची संख्या आधीच लेखी मागावी. ती न मिळाल्यास माहिती अधिकार कायदा, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो व उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम खबरी अहवाल संकेतस्थळावर ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच दिला आहे. आकडे वाचताना हे लक्षात घ्यावे की, बैठका सुरू झाल्यावर नोंदी काही काळ वाढतात, कारण पूर्वी गप्प बसणारे लोक आता ठाण्यात जाऊ लागतात. त्यावरून अधिकाऱ्यांना धारेवर धरल्यास नोंद टाळण्याची वृत्ती बळावेल.

१८. तीन बैठका झाल्या, ठरलेले काहीच झाले नाही. पुढे कोणाकडे जावे? आणि तक्रार पोलिसांविरुद्धच असेल तर?

इतिवृत्ताच्या प्रती जोडून शहरात सहायक पोलीस आयुक्तांकडे आणि नंतर उपायुक्तांकडे, ग्रामीण भागात उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे आणि नंतर अधीक्षकांकडे अर्ज करावा. कोठडीतील मारहाण, खंडणी, बेकायदा अटक अशा गंभीर तक्रारींसाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. पोलीस सुधारणांविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ मधील निर्देशांनंतर राज्याच्या पोलीस कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि त्यात या प्राधिकरणाची तरतूद करण्यात आली. अशी तक्रार बैठकीत मांडून तक्रारदाराला उघडे पाडू नये.

१९. आमचा रस्ता दोन पोलीस ठाण्यांच्या हद्दीवर आहे. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

गुन्हा घडला असेल तर हद्दीचे कारण चालत नाही. कोणत्याही पोलीस ठाण्याला शून्य क्रमांकाने नोंद करून ती योग्य ठाण्याकडे पाठवावी लागते. बैठकीसाठी मात्र दोन्ही ठाण्यांच्या बीट अंमलदारांना एकत्र बोलवावे, रस्त्याचा कोणता भाग कोणाचा हे नकाशावर त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे आणि रात्रीच्या गस्तीच्या वेळा एकमेकांना पूरक ठेवण्याची मागणी दोघांच्या वरिष्ठ असलेल्या अधिकाऱ्यांकडे करावी. दोन ठाणी वेगवेगळ्या आयुक्तालयांत किंवा जिल्ह्यांत असतील तर अर्जाची प्रत दोन्हीकडे एकाच दिवशी द्यावी आणि प्रत्येक अर्जावर दुसऱ्या अर्जाचा आवक क्रमांक लिहावा.